नळी मोजली, माणूस राहिला

कॅन्सस राज्याच्या विधिमंडळाने २०१३ साली एक कायदा केला. कॅन्ससमध्ये बनलेली, कॅन्ससमध्येच राहणारी आणि ‘मेड इन कॅन्सस’ असा शिक्का असलेली बंदूक किंवा तिचं उपकरण यांना वॉशिंग्टनचा केंद्रीय कायदा लागू नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. त्या भरवशावर एका छोट्या गावातल्या दुकानदाराने सायलेन्सर बनवून विकायला सुरुवात केली आणि एका माजी सैनिकाने त्यातला एक विकत घेतला. दोघांवर केंद्रीय खटला उभा राहिला. २०१६ मध्ये ज्युरीने दोघांनाही दोषी ठरवलं. ‘आमच्या राज्याने परवानगी दिली होती’ हा बचाव न्यायालयाने मानला नाही. राज्य सरकार स्वतः खटल्यात उतरलं, तरी अपिलात निकाल बदलला नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. दोघे तुरुंगाऐवजी प्रोबेशनवर सुटले, पण कपाळावर केंद्रीय गुन्ह्याचा शिक्का बसला. आणि अशा गुन्हेगाराला अमेरिकेत बंदूक बाळगता येत नाही. बंदुकीच्या हक्काचं रक्षण म्हणून केलेल्या कायद्यावर विश्वास ठेवून हे दोघे तो हक्कच गमावून बसले.

अमेरिकेत घरी रायफल बांधायला निघालेल्या माणसाला पहिला सल्ला मिळतो, तो ‘आधी आपल्या राज्याचा कायदा बघ’ असा. सल्ला खोटा नाही, पण अर्धाच आहे. वर केंद्राचा कायदा आहेच, आणि दोन्ही कायदे वाचून संपवले तरी शेवटी हाती काय लागतं? इंच, भागांची मोजणी, मुठीचा आकार. रायफल बांधणारा माणूस कोण, त्याला न्यायालयाने बंदूक बाळगायला मनाई केली आहे का, हा प्रश्न बहुतेक राज्यांत कुणीही विचारत नाही. माझा आक्षेप नेमका इथे आहे. घरी रायफल बांधण्यावर बंदी घालावी असं माझं म्हणणं नाही. जो एक प्रश्न विचारायला हवा तो सोडून बाकीचे शंभर विचारले जातात, ते थांबवावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

घरात, स्वतःसाठी बनवलेल्या वस्तूत केंद्राने का नाक खुपसावं, हा अमेरिकेतला जुना वाद. त्याचं मूळ बंदुकीत नाही, गव्हात आहे. ओहायोतल्या रॉस्को फिलबर्न नावाच्या शेतकऱ्याने ठरवून दिलेल्या कोट्यापेक्षा जास्त गहू पेरला. जादा गहू आपल्याच शेतावर, आपल्याच जनावरांसाठी आणि घरच्या पिठासाठी होता, असं त्याचं म्हणणं होतं. १९४२ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, घरचा गहू खाल्लास म्हणजे बाजारातला घेतला नाहीस. असे हजारो जण निघाले तर देशाचा बाजार हलतो, म्हणून केंद्राचा अधिकार चालतो. २००५ मध्ये कॅलिफोर्नियात औषध म्हणून घरी लावलेल्या गांजाला हाच न्याय लागला. त्याच सुमाराला ॲरिझोनात एकाने घरी मशीनगन बनवल्याचं प्रकरण चालू होतं. अपील न्यायालयाने आधी त्याच्या बाजूने कौल दिला होता. गांजाच्या निकालानंतर तो फिरला. २००९ च्या मोंटाना राज्याच्या अशाच कायद्याचंही २०१३ मध्ये हेच झालं. गहू, गांजा, बंदूक असा हा प्रवास वाचताना हसू येतं खरं, पण त्यातून एक गोष्ट पक्की झाली आहे. केंद्राला अधिकार आहे. प्रश्न तो कशासाठी वापरला जातो, हा आहे.

१९६८ चा गन कंट्रोल ॲक्ट केनेडी बंधू आणि मार्टिन लूथर किंग यांच्या हत्यांच्या सावलीत झाला. त्याने धंदा म्हणून बंदुका बनवणाऱ्याला परवाना आणि प्रत्येक बंदुकीवर क्रमांक सक्तीचा केला. स्वतःपुरती एखादी बनवणारा हौशी माणूस मात्र मोकळा राहिला. त्या काळी हे शहाणपणाचंच होतं. घरी रायफल बनवायची म्हणजे लेथ, धातूकाम आणि वर्षानुवर्षांची हातोटी लागे. असे लोक मूठभर, आणि त्यातले बहुतेक पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरच्या जुन्या जर्मन कारागिरांची लांब नळीची रायफल हुबेहूब घडवण्याच्या नादातले. अशांच्या मागे सरकारी माणूस लावण्यात काय हशील?

पुढे दोन गोष्टी झाल्या. पहिली म्हणजे एआर-१५. आर्मालाइट कंपनीत यूजीन स्टोनरने १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात आखलेली ही रायफल म्हणजे एकमेकांत बसणाऱ्या सुट्या भागांचा संच. मूळ पेटंटची मुदत १९७७ मध्ये संपली आणि हळूहळू शेकडो कारखाने तिचे भाग बनवू लागले. नळी एकाची, दस्ता दुसऱ्याचा, तरी सगळं चपखल बसतं. दुसरी गोष्ट कायद्यातली. या सगळ्या भागांपैकी कायदा ‘बंदूक’ म्हणतो तो एकाच भागाला. ट्रिगरची यंत्रणा ज्यात बसते त्या खालच्या सांगाड्याला, म्हणजे लोअर रिसीव्हरला. क्रमांक त्यावर, पार्श्वभूमीची तपासणी तो विकत घेताना. बाकी सगळं टपालाने घरी येतं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की हा सांगाडा थोडा अपुरा ठेवून विकला, तर कायद्याच्या भाषेत तो धातूचा नुसता ठोकळा. त्याला क्रमांक नको, तपासणी नको, गिऱ्हाइकाचं नाव विचारायचीही गरज नाही. ‘ऐंशी टक्के’ या नावाने हा माल विकला जाऊ लागला. कारागिराला दिलेली सूट ही अशी जोडणीवाल्याच्या खिशात गेली.

केंद्राचा कायदा या काळात काय मोजत होता? नळी सोळा इंचांपेक्षा आखूड नको, एकूण लांबी सव्वीस इंचांपेक्षा कमी नको; तशी हवी असेल तर १९३४ च्या कायद्याखाली आधी अर्ज आणि मंजुरी. दोनशे डॉलरचा कर तेवढा १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आला आहे. परदेशी सुटे भाग आणून अर्धस्वयंचलित रायफल जोडायची असेल, तर नियमात वीस भागांची यादी आहे. त्यातले दहाहून जास्त परदेशी असले तर गुन्हा. म्हणजे अकरावा भाग, समजा ट्रिगर, रोमानियाचा निघाला तर रायफल बेकायदा, तोच अमेरिकेचा असला तर कायदेशीर. गोळी दोन्हींतून सारखीच सुटते. आणि हे सगळं काटेकोर मोजून घेणारा माणूस पत्नीला मारहाण केल्याबद्दल शिक्षा भोगून आलेला असला, तरी त्या टेबलावर त्याला अडवणारं कुणी नाही. त्याच्या हातात बंदूक असणं हा गुन्हा आहेच. पण तो उघडकीला येणार कधी, तर बंदूक वाजल्यावर.

राज्यांनी ही फट बुजवायला हवी होती. काहींनी बुजवली, पण बऱ्याच फेऱ्या मारून. कॅलिफोर्नियाचंच बघू. १७ जानेवारी १९८९ रोजी स्टॉकटनच्या शाळेच्या मैदानावर एकाने गोळीबार केला, पाच मुलं गेली. बहुतेक आग्नेय आशियातून आलेल्या निर्वासितांची. त्याच वर्षी राज्याने देशातला पहिला ‘असॉल्ट वेपन’ (लष्करी धाटणीच्या रायफलींवरचा) कायदा केला. परदेशी भागांची ती मोजणीही त्याच घटनेनंतरच्या आयातबंदीतून आलेली. कायद्यामागचं दुःख खरं होतं, पण तो पुढे जाऊन अडकला रायफलीच्या रूपात. पिस्तुलासारखी मूठ, घडीचा दस्ता, नळीच्या तोंडावर ज्वाला झाकणारं टोपण: सुटणाऱ्या मॅगझिनबरोबर (गोळ्यांच्या पेटीबरोबर) यातलं एक जरी आलं तरी रायफल निषिद्ध. उत्पादकांनी मॅगझिन सोडवायची कळ अशी केली की ती बोटाने दबणार नाही, अवजार लागेल. आणि अवजार म्हणून गोळीचं टोक चालेल! ‘बुलेट बटन’ म्हणून हे वर्षानुवर्षं चाललं. सॅन बर्नार्डिनोच्या हत्याकांडानंतर २०१६ मध्ये त्यावर बंदी आली, तर लोकांनी मुठीला आडवा पंख लावून ‘वैशिष्ट्यरहित’ रायफली काढल्या. दिसायला कुरूप, कायद्याने शुद्ध, माऱ्याला पहिल्यासारख्याच. १९९४ ते २००४ या दहा वर्षांच्या केंद्रीय बंदीतही संगीन अडकवायची खाच हा एक निकष होता. अमेरिकेच्या रस्त्यावर संगिनीने भोसकल्याच्या बातम्या कुणी वाचल्या असतील तर सांगावं.

अशा कायद्यांचा परिणाम उलटा होतो, असं माझं मत आहे. कायदा पाळणारा माणूस वकिलाच्या सल्ल्याने मुठी बदलत बसतो आणि शेवटी कायदा म्हणजे मूर्खपणा आहे या निष्कर्षाला येतो. पुढे खरोखर कामाचा कायदा आला तरी तो त्याकडे त्याच नजरेने बघतो.

आणि ज्याला पाळायचाच नव्हता, तो? २०१३ मध्ये सँटा मोनिकात पाच जणांना मारणाऱ्या तरुणाने दोन वर्षांपूर्वी रीतसर बंदूक घ्यायचा प्रयत्न केला होता आणि राज्याच्या न्याय खात्याने त्याला अपात्र ठरवलं होतं. यंत्रणेने आपलं काम चोख केलं होतं. मग त्याने सुटे भाग मागवून रायफल जोडली. २०१७ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातल्या रँचो टिहामा इथे बायकोसह पाच जणांचे जीव घेणाऱ्या माणसाला न्यायालयाने बंदुका बाळगायला मनाई केलेली होती. त्याच्या दोन रायफली घरी बनवलेल्या होत्या. गावातल्या शाळेवरही तो चालून गेला. कर्मचाऱ्यांनी वेळीच दारं लावली म्हणून मुलं वाचली. दोन्ही प्रकरणांत माणूस कोण आहे हे सरकारला ठाऊक होतं, फक्त भाग विकणाऱ्याला ते विचारण्याचं बंधन नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात आकडे आहेत. २०१७ मध्ये पोलिसांनी केंद्राकडे माग काढायला पाठवलेल्या विनाक्रमांक बंदुका सुमारे १,६०० होत्या. २०२१ मध्ये १९,००० च्या वर. माग जवळपास कुठल्याच बंदुकीचा लागला नाही.

ते निकालपत्र २६ मार्च २०२५ चं. एटीएफ या केंद्रीय खात्याने २०२२ मध्ये नियम केला की सहज बंदूक होईल असा संच म्हणजे कायद्याच्या दृष्टीने बंदूकच. विकणाऱ्याने परवाना घ्यावा, क्रमांक टाकावा, गिऱ्हाइकाची तपासणी करावी. नियमाला आव्हान मिळालं. सुनावणीत न्यायमूर्ती अलिटो यांनी विचारलं, ओट्यावर अंडी, चिरलेलं हॅम, मिरची आणि कांदा मांडून ठेवला तर त्याला ऑम्लेट म्हणायचं का? त्यावर न्यायमूर्ती बॅरेट यांनी विचारलं, आणि हेच सगळं एखाद्या कंपनीकडून शिजवायचा तयार संच म्हणून मागवलं असेल तर? बॅरेट यांच्या प्रश्नात माझ्या मते सगळा वाद मिटतो. कांदा-मिरची दहा पदार्थांत जाते. संच एकाच पदार्थासाठी येतो. सात विरुद्ध दोन मतांनी नियम टिकला आणि निकाल लिहिला न्यायमूर्ती गोरसच यांनी, ज्यांना कुणी बंदूकविरोधी म्हणणार नाही. महत्त्वाचं हे की नियमाचं ओझं विक्रेत्यावर आहे. घरी बांधणाऱ्याला तो बांधू नको म्हणत नाही.

आता दुसऱ्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा. तो कुणा बंदूकवेड्याचा नाही, कॅलिफोर्नियाचे तेव्हाचे डेमोक्रॅट राज्यपाल जेरी ब्राउन यांचा आहे. घरच्या बंदुकीवर क्रमांक सक्तीचा करणारं विधेयक २०१४ मध्ये त्यांच्याकडे आलं, तेव्हा त्यांनी ते परत पाठवलं. क्रमांक टाकल्याने सार्वजनिक सुरक्षेत फारशी भर कशी पडेल ते मला दिसत नाही, असा त्यांचा शेरा होता. दोन वर्षांनी तसंच विधेयक त्यांनी मंजूर केलं. त्यामुळे १ जुलै २०१८ पासून कॅलिफोर्नियात बंदूक बनवण्याआधी राज्याकडे अर्ज करून क्रमांक घ्यावा लागतो. अक्षरं किमान एक-सोळांश इंच उंच, ०.००३ इंच खोल.

ब्राउन यांचा पहिला शेरा निम्मा बरोबर होता असं मला वाटतं. रँचो टिहामाचा माणूस क्रमांकासाठी अर्ज करत बसला नसता. ज्याला खून करायचाय तो कानस घेऊन क्रमांक घासून टाकेल. शिवाय माग काढण्याची यंत्रणाही लोकांना वाटते तशी नाही. वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गच्या माग काढणाऱ्या कार्यालयात संगणकाला नाव देऊन मालक शोधता येत नाही; तसं करायला कायद्यानेच बंदी आहे. क्रमांकावरून कारखाना, मग घाऊक व्यापारी, मग दुकान, आणि शेवटी पहिला गिऱ्हाईक, इथवर. पुढे ती बंदूक कुणाकुणाच्या हातातून गेली हे पोलिसांनी पायपीट करून शोधायचं.

तरीही क्रमांक हवा, कारण क्रमांक मागताना माणसाला समोर यावं लागतं. धातूवरच्या आकड्यांपेक्षा त्या अर्जामागची तपासणी मोलाची. म्हणूनच नुसतं बनवणाऱ्याला ‘अर्ज कर’ सांगून भागत नाही. चौकशी भाग विकतानाच व्हायला हवी. प्रामाणिक माणसाचे त्यात काही डॉलर आणि थोडा वेळ जाईल. ज्याला मनाई आहे, त्याला तिथेच नकार मिळेल. तो चोरीची बंदूक शोधेल, काळ्या बाजारात जाईल, जाऊ दे. तिथे निदान खबरे असतात, साध्या वेशातले पोलीस असतात.

परंपरेचा मुद्दाही येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या ब्रुएन निकालानंतर बंदुकीवरचं कुठलंही बंधन अमेरिकेच्या इतिहासात बसतं का, हे सरकारला दाखवावं लागतं. मग म्हणतात की क्रांतीच्या काळात लोक घरी बंदुका बनवत, तेव्हा कुठे होते क्रमांक? नव्हते, हे खरं. पण १८०५ साली मॅसॅच्युसेट्सने कायदा केला होता की तिथे बनणाऱ्या बंदुकीच्या नळ्या नेमलेल्या परीक्षकाकडून तपासून घ्यायच्या आणि त्याच्या नावाची आद्याक्षरं व साल नळीवर ठोकून घ्यायचं. तो नियम नळी फुटून चालवणारा मरू नये म्हणून होता, चोर पकडण्यासाठी नव्हे. हा फरक मी लपवत नाही. तरी सरकारने सांगितलेली खूण धातूवर उमटवणं म्हणजे स्वातंत्र्यावर घाला, असं त्या पिढीला वाटलं नव्हतं, एवढं त्यातून दिसतं.

हा विषय मराठीत कशाला, असं कुणी विचारेल. ऑस्टिन, डॅलस, फीनिक्स इथे राहणाऱ्या आपल्या मुलांना विचारा. एच-१बी व्हिसावर आलेल्याला केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगताच येत नाही. वैध शिकार परवान्यासारखे थोडे अपवाद सोडले तर मित्राबरोबर रेंजवर जाऊन हातात धरणंही अडचणीचं. ग्रीन कार्ड आलं की ही बंदी उठते. हे ऑफिसात कुणी सांगत नाही, आणि सुटे भाग विकणारी वेबसाइट व्हिसा विचारत नाही. नोकरी बदलून टेक्सासहून न्यू जर्सीला आलेल्याची तर आणखी पंचाईत: टेक्सासात शनिवार-रविवारी हौसेने जोडलेली विनाक्रमांक रायफल तिथे कुणाच्या खिजगणतीत नव्हती, न्यू जर्सीने २०१८ पासून असल्या बंदुकांचे भाग विकत घेणंही गुन्हा केलं आहे. ट्रकमध्ये सामानाबरोबर ती आली की घर लावता लावता माणूस गुन्हेगार. सुमारे पंधरा राज्यांनी असे कायदे केलेत, प्रत्येकाची व्याख्या वेगळी, आणि राज्याच्या सीमेवर तपासनाका नाही.

भारतातून बघणाऱ्याला वाटतं, सरळ बंदीच का घालत नाहीत? आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय बंदूक बनवणं गुन्हा आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान शिक्षा सात वर्षांची. तरी चोपडा तालुक्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशातल्या उमर्टीचं नाव महाराष्ट्रातल्या गावठी कट्ट्यांच्या तपासात येतच राहतं. बंदीने कारागिरी मरत नाही, ती नोंदीबाहेर जाते. अमेरिकेत तर शस्त्र बाळगण्याचा हक्क देणारी घटनेची दुसरी दुरुस्ती उभी आहे, तेव्हा तो रस्ता तिथे मुळातच नाही.

म्हणून सौदा करावा, असं माझं मत. मुठी, दस्ते, संगिनीच्या खाचा आणि परदेशी भागांची मोजदाद सोडून द्यावी. आखूड नळीसाठीचे अर्जही गेले तर माझी झोप उडणार नाही. बदल्यात अपुरा सांगाडा असो की पूर्ण संच, देशभर कुठेही विकताना परवानाधारक विक्रेता, क्रमांक आणि पार्श्वभूमीची तपासणी. घरच्या घरी मुळापासून बनवणाऱ्याला जवळच्या परवानाधारक कारागिराकडे जाऊन त्याच दिवशी क्रमांक टाकून घेण्याची सोय, नाममात्र फीमध्ये. थ्रीडी प्रिंटरवर छापणाऱ्याला हे जाळं पूर्ण पकडणार नाही. कॅलिफोर्नियाने विनापरवाना छपाईवरच बंदी घातली आहे, पण घराघरांतल्या प्रिंटरवर नजर ठेवायला माझा स्वतःचाच विरोध आहे.

दोन्ही पक्षांना हे आवडणार नाही. डेमोक्रॅटांना तीस वर्षं लढून मिळवलेल्या याद्या सोडाव्या लागतील आणि रिपब्लिकनांना ‘नोंदणीची पहिली पायरी’ म्हणून ज्याला विरोध केला ते मान्य करावं लागेल. पण २०२५ चा निकाल कुणीही अंतिम समजू नये. एटीएफचा नियम कायद्यात बसतो, इतकंच न्यायालय म्हणालं. तो ठेवलाच पाहिजे असं म्हणालेलं नाही. ट्रम्प सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्येच आधीच्या सरकारच्या बंदूकविषयक नियमांची फेरतपासणी करायचा आदेश काढला. एका सरकारने केलेला नियम दुसरं सरकार मागे घेऊ शकतं, आणि तिसरं पुन्हा आणू शकतं. तोवर ‘ऐंशी टक्के’वाले दुकान उघडतील, बंद करतील, पुन्हा उघडतील. हे थांबवायचं तर संचाची आणि अपुऱ्या सांगाड्याची व्याख्या काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, १९६८ च्या कायद्यातच लिहायला हवी, आणि ते करताना परदेशी भागांचं कलम त्याच विधेयकात रद्द करायला हवं, म्हणजे मतं मिळण्याची थोडी तरी शक्यता राहील.